चौदा नंबरच्या गाडीचे प्लग

हस्तबीर मिस्त्रीने पहिल्या प्लगवर पाना चढवला, टॉमीचा दांडा घातला आणि हलकेच जोर दिला. प्लग हलला नाही. त्याने अंमळ जोर वाढवला. प्लग ढिम्म. तिसऱ्यांदा जोर लावायच्या आधीच मिस्त्रीला कळून चुकलं की हे काय आहे आणि कुणामुळे झालंय. कळून चुकलं म्हणजे तरी काय, सहा वर्षं ठाऊकच होतं की त्याला!

"काय झालं, मीतबा?" बॉनेटच्या पलीकडून यांगजीने विचारलं.

"काही नाही गं. अडकलाय जरा."

जरा! चारही प्लग हेडमध्ये असे बसले होते की जणू इंजिनाबरोबरच ओतले असावेत.

आमच्या मानेभंज्यांगच्या बाजारात लँडरोव्हर गाड्या पुष्कळ. सगळ्या आज्याच्या वयाच्या, आणि सगळ्या संदकफूच्या चढावर अजून तशाच बोंबलत जातात. पण बहुतेकांच्या पोटात आता डिझेलची इंजिनं बसवलेली आहेत, आणि डिझेलला प्लग नसतो. त्यामुळे आताच्या ड्रायव्हरांनी प्लग पाहिलाय तो फटफटीचा. मूळचं पेट्रोलचं इंजिन राखून ठेवलेली गाडी एकच उरली होती, रिन्जेन घिसिंगची, चौदा नंबरची. इंजिन बदल म्हटलं की रिन्जेन म्हणायचा, "म्हातारी झाली म्हणून बायकोचं काळीज बदलून आणू का रे?" पुढे त्याच्या पायावर सूज चढली, दम लागायला लागला, गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली, आणि त्यानंतर वर्षभरात रिन्जेनही गेला.

गाडी शेडमध्ये होती तरी नंबर जिवंत होता. विश्वकर्मा पूजेच्या सकाळी स्टँडवर सगळ्या गाड्या रांगेत उभ्या राहतात, धुतलेल्या, माळा घातलेल्या. जी गाडी ओळीने पाच पूजा रांगेत आली नाही, ती सहाव्या पूजेलाही आली नाही तर तिचा नंबर दुसऱ्याला जातो. आणि नंबर नाही तर प्रवासी नाही. गाडी मग कोंबड्यांना अंडी घालायला ठेवा. यंदाची पूजा सहावी. यांगजी, रिन्जेनची एकुलती एक लेक, चार वर्षं सुखियापोखरीहून भाजीची पिकअप हाकत होती, डोंगराचं लायसन काढून बसली होती, आणि आपल्या आपाच्या, म्हणजे बापाच्या, गाडीतून संदकफूला प्रवासी नेईन म्हणत होती. पूजेला तीन दिवस उरले होते. त्यातही पूजेच्या दिवशी पान्याला हात लावायचा नसतो, हत्यारं धुऊन देवापुढे ठेवलेली असतात. म्हणजे धरून चालायचे दोन दिवस आणि थोडा वेळ.

"प्लग निघतील ना?" तिने विचारलं.

"निघतील. लोखंड आहे, त्याला घाई कळत नाही. रॉकेल आण आणि ब्रेक ऑइल आण. रात्रभर मुरू देऊ."

ती आणायला गेली, आणि मिस्त्री मडगार्डवर हात टेकून उभा राहिला. हे प्लग सहा वर्षांपूर्वी त्यानेच बसवले होते, आणि कसे बसवले होते ते त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. निदान त्याची तशी समजूत होती.

हस्तबीर आणि रिन्जेन मीत होते. मीत म्हणजे दोस्त नव्हे. दोस्त काय, चहाच्या दुकानात रोज चार मिळतात. मीत देवासमोर बसून लावतात, एकमेकांच्या कपाळी टिळा लावून, टोप्या बदलून. त्यानंतर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, 'मीतज्यू' म्हणायचं, 'तुम्ही' म्हणायचं, खोटं बोलायचं नाही, आणि मुलांनी बापाच्या मीताला 'मीतबा' म्हणायचं. एक मेला तर दुसऱ्याने सख्ख्या भावासारखं सुतक धरायचं. हस्तबीर जातीचा लोहार, रिन्जेन तामांग. लोहाराला मीत केलं म्हणून रिन्जेनच्या काकाने वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. रिन्जेन म्हणाला, "टाकू दे, तेवढीच शांतता."

असल्या माणसाची गाडी.

दुपारपर्यंत बाजाराला बातमी लागली. शेडच्या दारात पाच-सहा ड्रायव्हर चहाचे ग्लास घेऊन उभे राहिले. लोकांना दुसऱ्याचं इंजिन उघडं बघायला फार आवडतं. त्यांच्यात स्टँडचा सेक्रेटरी इंद्रहांग सुब्बाही होता, हातात नंबरांची वही घेऊन. हा माणूस जेवायलासुद्धा वही घेऊन बसत असेल.

"मिस्त्री दाजू, प्लग निघतायत की तुम्हीच आत जाताय?" एकाने विचारलं (दाजू म्हणजे आमच्याकडे दादा), आणि बाकीचे खिदळले.

"तू तोंड बंद कर, नाहीतर तुझ्या तोंडात पाना घालतो," मिस्त्री म्हणाला.

सुब्बा पुढे आला, वाकून बघितलं. "हे असे गंजले कसे? गाडी बंद करताना कुणीतरी ग्रीस लावून बसवले असतील ना?"

"मीतबांनीच बसवले होते," यांगजी म्हणाली. "मी तेव्हा दार्जिलिंगला शिकत होते, पण आपा सांगायचे मला."

सगळ्यांची तोंडं मिस्त्रीकडे वळली. त्या क्षणी त्याला खरं बोलता आलं असतं. चार शब्दांचं काम होतं. पण समोर सहा ड्रायव्हर, हातात वही घेतलेला सुब्बा, आणि चाळीस वर्षांचं नाव. हस्तबीरच्या हातचं काम म्हणजे डोळे मिटून घ्या, असं जिथे तिथे बोललं जायचं. त्याचं तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं.

"मी ग्रीस लावूनच बसवले होते," तो म्हणाला. "नंतर मीतज्यूंनी काढून बघितले असणार. महिन्याला येऊन हँडल मारायचे ना ते. काढले असतील आणि कोरडेच घातले असतील परत. शेवटी शेवटी... तुम्हाला माहीतच आहे."

शेवटी शेवटी रिन्जेन दुखणं विसरायला थोडी रक्सी घ्यायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. पुढचं वाक्य मिस्त्रीला बोलावंच लागलं नाही, बाजाराने ते स्वतःच पुरं केलं.

"पिऊन हात घातला असणार," कुणीतरी म्हणालं.

"बिचारा रिन्जेन दाजू."

"बिचारा कसला? बापाला चार प्लग सांभाळता येईनात," सुब्बा वही मिटत म्हणाला, "आणि लेक म्हणते माणसं भरून डोंगर चढते. विचार करावा लागेल बाबा."

यांगजीचा चेहरा उतरला. सगळे पांगल्यावर ती मिस्त्रीच्या जवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मीतबा, आपांनी तुमचं चांगलं काम नासवलं. त्यांच्या वतीने मी माफी मागते. तुम्हाला केवढा त्रास."

मिस्त्रीने मान खाली घालून रॉकेलचा डबा उचलला. "माफी कसली," एवढंच तो पुटपुटला. थोबाडात बसली असती तर बरं वाटलं असतं.

सहा वर्षांपूर्वीचा तो दिवस असा होता. पौषातली दुपार, बाहेर भुरभुर बर्फ. मीत घोंगडी पांघरून घराच्या खिडकीत बसला होता, कारण शेडमधल्या गारठ्यात त्याला दम लागायचा. हस्तबीरने चारही प्लग काढले, सिलिंडरमध्ये चमचा चमचा तेल सोडलं, आणि आट्यांना लावायला म्हणून ग्रीसचा डबा उघडला तर डबा पुसून काढल्यासारखा रिकामा. खिडकीतून मीत ओरडला, "मीतज्यू, ग्रीस भरपूर लावा हं, म्हातारी किती दिवस बसते कुणास ठाऊक!" आणि हा शहाणा ओरडला, "लावतोय, लावतोय!" ग्रीस नाही म्हणून सांगायची लाज. मिस्त्री आणि ग्रीसशिवाय आला! दुकान पाच मिनिटांवर होतं. पण बर्फात जायचं, मीताच्या खिडकीपुढून जायचं, आणि 'कुठे निघालात' म्हटल्यावर सांगायचं.

म्हणून तो गरम पाण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेला. मितिनी, म्हणजे मीताची बायको, गोठ्यात होती. फळीवर लोण्याचा डबा होता. त्याने चार बोटांनी गोळा काढला. त्याच्या बापाच्या भट्टीत खुकुरीच्या पात्याला गंज चढू नये म्हणून तूप चोळून ठेवायचे, पिढ्यान् पिढ्या. लोहाराच्या पोराला ग्रीस नसलं की तूपच आठवणार. त्याने लोणी आट्यांना चोपडलं आणि प्लग घट्ट आवळले. घरी जाताना अर्ध्या वाटेत बोटं चाटली तेव्हा त्याला कळलं. हे घरचं लोणी नव्हतं, बाजारातलं होतं, नुनिलो चिया, म्हणजे मिठाचा चहा, करायला आणलेलं. मिठाचं.

मीठ आणि लोखंड! हे तर लोहाराच्या शेंबड्या पोरालाही कळतं. 'उद्या येऊन पुसून काढू,' तो मनाशी म्हणाला. उद्या बर्फ वाढला. परवा एक गाडी गैरीबासला बंद पडली. मग मीताचं दुखणं वाढलं, मग मीत गेला. मिस्त्रीने सुतक धरलं, डोकं भादरलं, पाच दिवस अळणी जेवला. नंतर पाच वर्षं त्या शेडवरून रोज गेला आणि रोज मान वळवून गेला. एक तास पुरला असता. पण शेड उघडायची म्हणजे का उघडतोय ते सांगायला हवं. माणूस असाच असतो, एक लाज झाकायला दुसरी पांघरतो, आणि मग थंडी वाजते म्हणून तिसरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरलेल्या प्लगांवर तो पुन्हा बसला. आधी उलटं, म्हणजे आवळायच्या बाजूला, केसभर. मग सोडायच्या बाजूला, केसभर. मग पुन्हा आवळायचं. दोन थेंब रॉकेल. पुन्हा. यांगजी शेजारी बसून सगळं बघत होती, हातात पान्यांची पुरचुंडी घेऊन, मागायच्या आधी हवा तो पाना पुढे करत होती.

"जोर का नाही लावत?" तिने विचारलं.

"जोर लावला की चिनीमाती फुटते, खालचा भाग तुटतो आणि अर्धा आतच राहतो. मग हेड उतरवा, आणि पूजा पुढच्या वर्षी."

तासाभराने पहिला प्लग कर्र करून ओरडला आणि फिरला. यांगजीने आनंदाने टाळी वाजवली. मिस्त्रीने प्लग झटकन चिंधीत गुंडाळून खिशात टाकला, आट्यांवरचा तपकिरी थर तिला दिसू नये म्हणून. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. दुसरा प्लग जेवणाच्या वेळेला निघाला. तिसरा आणि चौथा मात्र हटायला तयार नाहीत. दुपारी तीन वाजले. शेवटी त्याने यांगजीला नवे प्लग आलेत का बघायला स्टँडवर पाठवलं आणि ब्लोलॅम्प पेटवला. हेड तापलं की आटे जरा मोकळे होतात. ज्योत लहान करून तो तिसऱ्या प्लगभोवती फिरवू लागला.

आणि वास सुटला.

आधी त्याला वाटलं, मनाचे खेळ. पण नाही. करपलेल्या, खवट, जुनाट लोण्याचा तो वास शेडभर झाला. त्याने ब्लोलॅम्प विझवला, हाताने वारा घातला. वास काही हाताने जातो?

मितिनी हातात डाव घेऊन दारात आली. "मीतज्यू, काय करपलं? मला वाटलं माझी कढई. आत जाऊन बघितलं, चूल तर विझलेली."

ती आत आली, इंजिनावर वाकली, हुंगलं. साठीची बाई, आयुष्यभर लोण्याच्या चहावर घर चालवलेली. तिला काय सांगायचं!

"हे लोणी आहे," ती म्हणाली. "बाजारचं."

"हो."

"इथे कसं आलं?"

"मी लावलं," मिस्त्री म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "ग्रीस नव्हतं त्या दिवशी. तुमच्या डब्यातून घेतलं."

मितिनी पायरीवर बसली. हातातला डाव तिने मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "डॉक्टरने त्यांचं मीठ तोडलं होतं. पायावरची सूज बघवत नव्हती. त्या दिवशी गोठ्यातून आले तर डब्यात चार बोटांचा खड्डा. मी म्हटलं, कुणी खाल्लं? म्हणाले, मी. वर हसत होते. मी म्हटलं, मरायचंय का तुम्हाला? काय काय बोलले मी त्यांना, मीतज्यू. तीन दिवस बोलणं टाकलं. ताट समोर आदळायची आणि उठून जायची."

"त्यांनी मला बघितलं होतं?"

"खिडकीत बसले होते ना. तिथून स्वयंपाकघराचं दार दिसतं आणि शेडही दिसते." तिने डोळ्यांना पदर लावला. "त्यांचा शेवटचा हिवाळा होता तो. त्यातले तीन दिवस."

मिस्त्री गाडीच्या फूटबोर्डवर टेकला. मीताने बघितलं होतं. आपल्या मीताची बाजारात छी-थू नको म्हणून बायकोच्या शिव्या खाल्ल्या होत्या, हसत. आणि आपण काल? काल सहा माणसांसमोर त्याच मीताला दारुडा ठरवला.

"बाजारात काय बोलतात ते ऐकलं मी," मितिनी म्हणाली. "मला खरं वाटलं. काल रात्री मी त्यांच्यावर चिडून झोपले, मेलेल्या माणसावर."

एवढ्यात यांगजी नवे प्लग घेऊन धावत आली आणि दारातच थबकली. "कसला वास हा?"

मिस्त्रीने तोंड उघडलं. तेवढ्यात मितिनी उठली आणि म्हणाली, "माझंच काहीतरी करपलं चुलीवर. तुम्ही काम करा." आणि ती डाव घेऊन आत गेली.

नवऱ्याने झाकलं, आता बायकोही झाकते. या घराने काय त्याला झाकायचा मक्ता घेतलाय? आणि हा कोडगा बसून झाकून घेतोय. 'आधी गाडी चालू होऊ दे, मग सांगतो,' त्याने स्वतःला बजावलं. पण हे 'मग' त्याच्या चांगलं ओळखीचं होतं.

तिसरा प्लग त्याच संध्याकाळी निघाला. चौथ्याने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घाम काढला. मग आटे साफ केले, सिलिंडरमध्ये तेल सोडलं, यांगजीने हँडल हाताने फिरवून इंजिन मोकळं केलं, नवे प्लग बसवले. यावेळी ग्रीसचा नवा डबा होता. चार वाजता म्हातारी दोनदा खोकली, निळा धूर ओकली आणि चालू झाली. यांगजी स्टेअरिंगवर डोकं टेकून रडली. मग उतरून तिने मिस्त्रीच्या पायाला हात लावला. "मीतबा, आपांची चूक तुम्ही निस्तरलीत. त्यांच्या आत्म्याला शांती मिळेल."

त्याने पाय मागे घेतले. तिला वाटलं, संकोच.

पूजेच्या सकाळी ऊन पडलं होतं. स्टँडवर गाड्यांची रांग, झेंडूच्या माळा, धूप, दोन ध्वनिक्षेपकांवर दोन वेगवेगळी गाणी. पाने आणि टॉम्या धुऊन देवापुढे मांडलेल्या. चौदा नंबरची गाडी आपल्या चाकांनी बाजारातून वर आली, तेव्हा टाळ्या पडल्या. स्टेअरिंगवर यांगजी, मागे मितिनी, आणि यांगजीने हट्टाने पुढे बसवलेला मिस्त्री.

सुब्बा वही घेऊन पुढे आला आणि त्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"चौदा नंबर आला. नंबर राहिला," तो म्हणाला. "पण आपण सगळ्यांनी इंजिनाची काय दशा झाली होती ती पाहिली. रिन्जेन दाजू माणूस भला, पण निष्काळजी. या लाइनीवर निष्काळजी चालत नाही, मागे माणसं बसलेली असतात. म्हणून असं ठरलंय की वर्षभर माझा भाचा गाडी चालवेल आणि यांगजी शेजारी बसून शिकेल. घराण्याचा हात काय आहे ते आधी कळू दे."

यांगजीचे हात स्टेअरिंगवर आवळले गेले.

"आणि आता," सुब्बाने खिशातून पांढरा रेशमी खदा, मानाचा शेला, काढला, "ज्याने मेलेल्या मीताची चूक निस्तरली, मीत म्हणजे काय ते या बाजाराला दाखवलं, त्या हस्तबीर मिस्त्रींचा मान. या दाजू, उतरा खाली."

मिस्त्री उतरला. सुब्बाने खदा दोन्ही हातांनी उघडून त्याच्या गळ्याशी आणला. रेशमाचा गार स्पर्श मानेला झाला आणि मिस्त्रीने तो हाताने बाजूला सारला.

"नको," तो म्हणाला.

"अहो, घ्या हो, लाजता काय नव्या नवरीसारखे!" हशा पिकला.

"प्लग मी नासवले," मिस्त्री मोठ्याने म्हणाला. गाण्यांच्या गोंगाटात पहिल्यांदा कुणाला कळलं नाही, म्हणून त्याला पुन्हा बोलावं लागलं, आणि पुन्हा बोलणं जास्त कठीण होतं. "प्लग मी नासवले. ग्रीस नव्हतं माझ्याकडे. मितिनींच्या घरातून लोणी चोरलं आणि आट्यांना लावलं. मिठाचं लोणी. मीतज्यूंनी प्लगांना हातही लावला नव्हता. ते पिऊन काही करत नव्हते. त्या दिवशी शेडमध्ये मी खोटं बोललो."

कुणीतरी एक ध्वनिक्षेपक बंद केला.

"लोणी?" सुब्बा म्हणाला.

"लोणी."

आधी एक जण फिसकन हसला, मग सगळे. "दाजू, माझ्या गेअरला साय लावून देता का?" "अरे, म्हणून ती गाडी एवढी गुटगुटीत!" "लोणी मिस्त्री! लोणी मिस्त्री!" हे नाव आता जन्मभर चिकटणार हे मिस्त्रीला कळत होतं, आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पण सुब्बा हसत नव्हता. तो खदा घडी घालत होता, नीट, चारही कोपरे जुळवून.

"चाळीस वर्षं मी माझी गाडी तुमच्याकडे देतो," तो हळू म्हणाला. "इंजिन नासलं असतं तर नासलं असतं. चूक कुणाची होत नाही? पण मेलेल्या मीताच्या तोंडावर चिखल फेकलात, दाजू. आणि माझ्याही तोंडून फेकवलात." त्याने खदा खिशात ठेवला, वही उघडली, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "चौदा नंबर. चालक, यांगजी घिसिंग. भाचा-बिचा काही नाही."

लोक गाडीभोवती जमले, यांगजीला टिळे लागले, माळा पडल्या. मिस्त्री बाजूला उभा होता. त्याच्या आजूबाजूला हातभर जागा आपोआप मोकळी झाली होती. गर्दी ओसरल्यावर तो खिडकीपाशी गेला.

"पोरी..."

"तीन दिवस मी तुमची माफी मागत होते," यांगजी म्हणाली. ती समोर काचेतून बघत होती.

"हो."

"आपांच्या नावाने. काल तुमच्या पाया पडले मी. आणि तुम्ही पडू दिलंत."

"हो."

"आज पूजा आहे. आज माझ्या तोंडून वाईट शब्द काढायचा नाही मला." तिचा आवाज फुटला, तिने तो सावरला. "उद्या घरी या. मला जे बोलायचंय ते सगळं ऐकून घ्यायचं. मधे एक शब्द बोलायचा नाही."

"येतो," मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो उजाडतानाच निघाला. धुतलेला सदरा घातला होता, डोक्यावर टोपी. वाटेत चहाच्या दुकानातून दोघांनी "लोणी मिस्त्री" म्हणून हाक मारली, आणि त्याने मान हलवून ओ दिली. रात्रभर त्याने ती काय काय बोलेल ते मनात घोळवून बघितलं होतं. त्यातलं एकही खोटं नव्हतं. कधी एकदा तिच्यासमोर उभा राहतो आणि ते सगळं अंगावर घेतो, असं त्याला झालं होतं.

दारात मितिनी कोंबड्यांना दाणे टाकत होती. शेडचं दार सताड उघडं होतं आणि शेड रिकामी.

"यांगजी?" त्याने विचारलं.

"गेली ती," मितिनी म्हणाली. "पहाटेच नंबर लागला. कोलकात्याचे पाच जण होते, संदकफूपर्यंत. उद्या संध्याकाळी खाली येईल."

मिस्त्री उभाच राहिला. उद्या संध्याकाळ म्हणजे आणखी दोन दिवस. तिने मुद्दाम केलं नव्हतं, नंबर लागला होता, ती कामाला गेली होती. याच्यासाठीच तर सगळी धडपड होती.

"बोलायला बोलावलं होतं तिने मला," तो म्हणाला.

"मला माहीत आहे. मलाही बोलायचंय तुम्हाला. पण आधी तिचं होऊ दे." मितिनीने उरलेले दाणे फेकून हात झटकले. "घरी जा, मीतज्यू. उद्या या."

तो गेला नाही. पायरीवरची धूळ हाताने झाडून तो तिथेच बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, आणि वरच्या रस्त्याकडे बघत राहिला.

"उद्या येणार ती म्हटलं ना," मितिनी म्हणाली.

"हो, ऐकलं. बसतो मी."

ती गोठ्याकडे गेली.